अहो, पाणी आलंय

भूपाल मगदूम सरांना त्या सकाळी जाग आली ती एकदम लख्ख. डोळ्यांची आग नाही, मान आखडलेली नाही, कपाळ जड नाही. ऊन खिडकीतून पायांवर आलं होतं. उशीच्या कडेला रात्रीच्या झोपेच्या गुणांचा आकडा उमटला होता : शहाण्णव. शंभरपैकी शहाण्णव! सरांनी उभ्या नोकरीत कुणाला भूमितीतसुद्धा शहाण्णव दिले नव्हते, आणि आज ते त्यांना स्वतःलाच मिळाले होते.

बनियनवर शर्ट चढवून ते हा निकाल बायकोला सांगायला स्वयंपाकघरात गेले. शेगडी थंड होती. चहाचं भांडं पालथं होतं. ‘आज आमच्यापेक्षा जास्त मार्क कुणीतरी मिळवलेले दिसतात,’ असं काहीतरी गमतीचं बोलायचं त्यांनी मनात जुळवलंही. मग त्यांना मागचं दार उघडं दिसलं.

राजमती मागच्या अंगणात नळाशेजारच्या फरशीवर पडली होती. उजवा पाय भलत्याच बाजूला वळला होता. लुगडं पाण्यानं भिजून पुन्हा अर्धवट वाळलं होतं. पितळेची घागर कलंडून भिंतीला टेकली होती. राजमतीचा आवाज पार बसला होता, नुसता वारा आल्यासारखा.

“पाणी गेलं,” ती म्हणाली. “दोनच घागरी भरल्या.”

“अगं, मग मला हाक मारायची नाही का!” सर ओरडले.

राजमतीनं त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं सरांना तेव्हा कळलं नाही. कळवळून बघतेय, असं त्यांना वाटलं.

*

आता थोडं मागचं सांगायला हवं.

गाव मागांचं. पंचगंगेच्या काठानं गेलात तर खटखट कानावर येईल, तेच. आता माग शहाणे झालेत, धागा तुटला तर स्वतःच जोडून घेतात, आणि रिक्षाला चालवणारा लागत नाही. गावात भविष्यकाळ आलाय, फक्त पाणी अजून भूतकाळात आहे. दोन-तीन दिवसांआड, पहाटे, कधी चारला तर कधी पाचला. ते आलं की गल्लीतल्या सगळ्या मोटरी एकदम घरघरायला लागतात आणि शेजारच्या घरात कुणी बोंब मारली तरी ऐकू येत नाही.

सर रिटायर झाल्यापासून झोपेशी त्यांचं बिनसलं होतं. शाळेत ते पर्यवेक्षक. वर्गात डुलक्या घेणाऱ्या पोराला बाकावर उभं करण्यात त्यांचा हातखंडा. आता स्वतःची झोप मात्र त्यांना सापडेना. मांजर चाललं तरी जाग, पंख्याचा सूर बदलला तरी जाग. दिवसभर मग चिडचिड. भाजीत मीठ कमी, पेपर उशिरा, जग बिघडलेलं. राजमती म्हणायची, “जरा कमी विचार करतासा काय?” त्यावर ते आणखी चिडायचे.

त्यांची लेक सन्मती बेंगळुरूला झोपेवरच्या एका कंपनीत इंजिनीअर. ती दिवाळीला आली तेव्हा तिनं ‘निवांत’ नावाची उशी आणली. दिसायला साधी, खोळीत मात्र केसाएवढे बारीक धागे विणलेले. डोकं टेकलं की मेंदूतल्या विजेच्या लहरी त्या धाग्यांना कळतात.

“अप्पा, गाढ झोपेत मेंदूत मोठ्या, संथ लाटा येतात,” तिनं समजावलं होतं. “लाट वर चढत असताना नेमकी त्याच क्षणी हलकीशी टिकटिक ऐकवली, तर पुढची लाट आणखी मोठी येते. पाळणा पुढं जातानाच हलका धक्का देतो ना आपण, तसं. उशी तो धक्का देते.”

“आणि मांजर?”

“तेच तर खरं काम आहे. मेंदूच्या दारावर एक पहारेकरी असतो. आपण झोपलो तरी तो झोपत नाही. कुठला आवाज आत सोडायचा आणि कुठला बाहेरच अडवायचा, हे तो ठरवतो. म्हणून तर आपल्या गावात मागांच्या खडखडाटात माणसं झोपतात आणि लाइट जाऊन माग थांबले की दचकून उठतात. वय झालं की हा पहारेकरी भित्रा होतो. सगळ्यालाच आत सोडतो. उशी त्याचं काम करते. नको असलेला आवाज आला की उलटा आवाज सोडून त्याला कानापाशीच मारते.”

“पण नको कुठला आणि हवा कुठला, हे उशीला सांगणार कोण?”

“तुम्हीच. पहिला पंधरवडा उशी नुसती बघते. कुठल्या आवाजानं तुम्हाला जाग आली, आणि जाग आल्यावर तुम्ही उठलात की तसेच पडून राहिलात. उठलात, तर तो आवाज कामाचा. पडून राहिलात, तर तो फुकटचा. कधी न ऐकलेला आवाज आला तर तो ती आत सोडतेच. आणि तुमचं नाव, ‘भूपाल’, कुणीही, कशाही आवाजात घेतलं तरी ती कधीच अडवत नाही. तो नियम मी स्वतः घातलाय.” हे सांगताना सन्मतीच्या चेहऱ्यावर अभिमान होता.

कडेचा बारीक दिवा पिवळा झाला की उशीनं आवाज आत सोडला, निळा झाला की गिळला. शिवाय घोरायला लागलं की उशी मानेखाली अलगद फुगून घोरणं थांबवायची. ही शेवटची गोष्ट सरांनी घरात कुणाला सांगितलीच नाही, कारण आपण घोरतो हेच त्यांना कधी मान्य नव्हतं.

तो शिकण्याचा पंधरवडा गेला. पाणी चार-पाच वेळा आलं. दर वेळी राजमती पहाटे उठून दारातून म्हणायची, “अहो, पाणी आलंय. घागरी धरतासा काय जरा?” सरांना जाग यायचीच. यायचीच! तीच तर त्यांची तक्रार होती. पण थंडीत उठायचा कंटाळा. शिवाय ती उठलीच आहे, दोघांनी कशाला उठायचं, असा सोयीचा हिशेब. ते डोळे मिटून, श्वास लांब करून तसेच पडून राहायचे. ती पुन्हा एकदा म्हणायची, “अहो.” तिसऱ्यांदा म्हणायची नाही. मग घागरींचा आवाज यायचा.

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, हे सरांनी शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून कितीदा लिहून घेतलं होतं. तरी एवढी साधी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही, की उशी जागी होती.

*

खुब्याचं हाड मोडलं होतं. सांगलीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. सन्मती मिळेल त्या गाडीनं आली, आईच्या कॉटपाशी बसून तिचा हात धरला आणि जे तिच्या डोक्यात रस्ताभर घुमत होतं ते विचारलं.

“आई, तू अप्पांना हाका मारल्यास ना?”

“मारल्या की.”

“काय म्हणून मारल्यास?”

“काय म्हणून म्हणजे? ‘अहो’ म्हणून.”

“नावानं का नाही मारलीस? नाव उशी अडवतच नाही गं.”

शेजारच्या कुंभोजे वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. त्यांना त्या परिस्थितीतही हसू आलं. “अगं पोरी, नवऱ्याला नावानं? तुझ्या आईनं सरांचं नाव घेतलं ते लग्नात उखाण्यात. त्यानंतर कधी ऐकलंयस तू तरी?”

सन्मतीनं ऐकलं नव्हतं. आणि कुठलं यंत्र कुठला आवाज कधी अडवणार नाही, याचा नियम लिहिणारी ती स्वतः याच घरात वाढली होती. जगातल्या सगळ्या भाषांमधली नावं उशीला ओळखता आली पाहिजेत म्हणून ती किती रात्री जागली होती! तिनं खाली मान घातली आणि आईच्या हातावरची सलाईनची पट्टी उगाच नीट करत राहिली.

सरांना मात्र मोठा आधार सापडला. “म्हणजे उशीला ‘अहो’ कळत नाही तर!” ते म्हणाले. म्हणताना त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि ते उतरलेलं त्यांना जाणवलंही.

पुढचे दिवस हे वाक्य त्यांनी भेटेल त्याला ऐकवलं. डॉक्टरांना ऐकवलं, व्याह्यांना फोनवर ऐकवलं. गावी एक चक्कर झाली तेव्हा बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर तर त्यांनी छोटं व्याख्यानच दिलं. “यंत्र शिकलंय परक्याच्या घरात. तिकडं बायको नवऱ्याला नावानं हाक मारते. आपल्याकडं ‘अहो’. आता ‘अहो’ काय, भाजीवालीपण म्हणते. यंत्र म्हणालं, हा काही माणसाला उठवायचा शब्द नव्हे!” कट्टा हळहळला. ज्यानं त्यानं आपापल्या घरातल्या ‘अहो’ची आठवण सांगितली. कंपनीच्या मोठ्या साहेबांचा फोन आला, त्यांनी माफी मागितली आणि सरांनी ती मोठ्या मनानं दिली. चूक यंत्राची आणि भोग हिच्या नशिबी, असं म्हणून त्यांनी उसासाही टाकला.

राजमती पडल्या पडल्या हे सगळं ऐकायची. अधूनमधून एवढंच म्हणायची, “जेवलासा काय?”

मनात कुठंतरी खडा टोचत नव्हता असं नाही. पण सर त्यावरूनच चालत राहिले.

*

राजमतीला घरी आणलं त्या दिवशी दुपारी तिघं भेटायला आली. कुंभोजे वहिनी होत्या, कट्ट्यावरचे चौगुले होते, त्यांची बायको होती. राजमतीची कॉट सोप्यातच, पुढच्या खोलीत, टाकली होती. सन्मतीनं कंपनीकडून दुरुस्ती आणली होती : आता ‘अहो’सुद्धा नावासारखंच कधी अडणार नाही.

“दुरुस्ती घालायच्या आधी दाखव तरी, कशी चुकती ते,” चौगुले म्हणाले. त्यांना यंत्रांची भारी हौस.

“दाखव, दाखव,” सर म्हणाले. साक्षीपुरावा समोरच होणार म्हणून ते खूश होते.

सन्मतीनं उशी स्टुलावर ठेवली. “आता उशी असं समजेल की अप्पा तिच्यावर गाढ झोपलेत. करा आवाज.”

चौगुल्यांनी पंख्याचं बटण फिरवून सूर बदलला. निळा. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. निळा. सन्मतीनं दाराची बेल वाजवली. पिवळा. बेल वाजली की सर उठायचे, कारण पेपरवाल्याला उशिराबद्दल बोल लावायचे असायचे. सगळे हसले.

“आता ‘अहो’ म्हणा,” सर म्हणाले.

कुंभोजे वहिनी पुढं झाल्या आणि पदर सावरून म्हणाल्या, “अहो सर!”

दिवा पिवळा झाला.

“‘सर’ म्हणालात म्हणून झाला असेल,” सर घाईनं म्हणाले. “नुसतं म्हणा.”

“अहो!” चौगुल्यांची बायको म्हणाली. पिवळा. चौगुले स्वतः बाईचा आवाज काढून म्हणाले, “अहो, ऐकलं का?” पिवळा. एवढी मोठी गंमत असूनही या वेळी कुणी हसलं नाही.

“मग कळतंय की ह्याला ‘अहो’,” चौगुले म्हणाले.

सन्मतीच्या कपाळावर आठी पडली. ती कोड्यात सापडली की आजूबाजूचं विसरते, लहानपणापासूनची खोड. “आई, तू म्हण बरं.”

“राहू दे गं,” राजमती म्हणाली.

“एकदाच.”

राजमतीनं भिंतीकडे बघत म्हटलं, “अहो.”

निळा.

“पुन्हा.”

“अहो, पाणी आलंय.”

निळा. लगेच, क्षणाचाही विचार न करता निळा.

“हां!” सन्मती म्हणाली. कोडं सुटल्याचा आनंद तिच्या आवाजात होता. “म्हणजे शब्दाचा प्रश्नच नाही. या सगळ्यांचे आवाज उशीला नवे आहेत, म्हणून तिनं सोडले. आईचा आवाज तिनं शिकून ठेवलाय. उशी आवाजाचा अर्थ लावतच नाही, आवाजानंतर माणूस काय करतो तेवढंच बघते. आईच्या हाकेनं अप्पांना जाग यायची, लहरींत ते स्पष्ट दिसतं. आणि जाग आल्यावर ते दर वेळी—”

ती थांबली. पण उशीर झाला होता.

“म्हंजे सर जागे असायचे?” चौगुल्यांनी विचारलं. त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांना खरंच यंत्र समजून घ्यायचं होतं.

बागेतल्या व्याख्यानातला एकेक शब्द सरांच्या कानात परत आला. त्यांचे कान तापले, मान तापली, हात कुठं ठेवावेत ते कळेना. परीक्षेत कॉपी पकडली की पोरं तोंड उघडं टाकून नुसती उभी राहायची, त्या पोरांची त्यांना तेव्हा चीड यायची. आता ते तसेच उभे होते. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटायला लावणारी लाज त्यांना पहिल्यांदाच भेटत होती.

“अगबाई, दूध ठेवून आलेय मी गॅसवर,” कुंभोजे वहिनी म्हणाल्या. चौगुल्यांच्या बायकोनं नवऱ्याला कोपर मारलं. कुणी चहा घेतला नाही. बाहेर चपलांचे आवाज झाले आणि घर रिकामं झालं.

सन्मती उशी उचलून आत गेली. सर तिच्या मागं गेले. राजमतीपाशी थांबायची त्यांची हिंमत नव्हती.

“दुरुस्ती घालतेस ना?” त्यांनी विचारलं.

“घालते,” ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. “माझं चुकलंच. माणूस हाकेला उठला नाही म्हणजे हाक फुकटची, असं मी यंत्राला शिकवलं. कुणाच्याही घरात यापुढं ‘अहो’ अडणार नाही. पण अप्पा, आपल्या घरात अडलं ते उशी यायच्या आधीच.”

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सन्मती औषधं आणायला गेली, तेव्हा सर कॉटशेजारी खुर्ची ओढून बसले. राजमती डोळे मिटून पडली होती. ती जागी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

“अगं,” ते म्हणाले.

“काय?”

“त्या पंधरवड्यात मी... कंटाळा यायचा गं. थंडी असायची.”

“माहीत हाय.”

“काय माहीत आहे?”

“सोंग घ्यायचासा ते. पंधरवड्यातलं काय सांगतासा, सन्मती तान्ही होती तेव्हापासनं.” तिनं डोळे उघडले. रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच सरांना सहन होईना. “खरं झोपलासा की तुम्ही घोरता. सोंग घेतलं की घोरणं बंद. एवढ्या वर्षांत एवढं न्हाई कळायचं काय मला?”

आपण घोरत नाही, असं म्हणायला सरांनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

“पण त्या पहाटे मी खरंच झोपलो होतो. देवाशप्पथ! उशीनं शहाण्णव दाखवले होते. थांब, तुला आकडा काढून दाखवतो.” ते उठले.

“बसा,” राजमती म्हणाली. “ती उशी आल्यापासनं तुमचं घोरणंच ऐकू येत न्हवतं. मला वाटायचं, पोरीला बरं वाटावं म्हणून सकाळी आकडे सांगतायत, आणि बिचारे रात्रभर टक्क जागे असतायत. वाईट वाटायचं मला.”

उशी घोरणं थांबवते, हे सरांनी तिला सांगितलं नव्हतं. त्यांना ते आता आठवलं आणि ते खुर्चीत परत बसले.

“त्या दिवशी पडले तवा पहिल्यांदा लई ओरडले. मोटरी चालू होत्या. मोटरी बंद झाल्यावर परत हाक मारली. मग आतलं ऐकायला कान लावला.” ती थांबली. घसा अजून पुरता सुटला नव्हता. “काही ऐकू येईना. घोरणं न्हाई. म्हटलं, जागे हायत.”

“राजमती!”

त्यांच्या तोंडून नाव गेलं. तेही तिचं नाव सहसा घेत नसत.

“म्हटलं, जागे हायत, येतील. न्हाई आलासा. मग हाक मारायची सोडली. जाग्या माणसाला काय हाक मारायची?” पांघरुणाची कड तिनं बोटात धरली. “सन्मती विचारत होती, नाव का न्हाई घेतलं. घेतलं असतं की. मरायच्या वेळी कोण लाजतंय? पण नावानं काय झालं असतं, मला वाटलं तुम्ही ऐकतायसा.”

सरांना आपण झोपलो होतो हे सिद्ध करता आलं असतं. लहरी होत्या, आकडा होता. पण तिनं जे गृहीत धरलं ते तिला कुणी शिकवलं? फरशीवर पडून तिनं जो विचार केला तो वेडा नव्हता, उलट साधा, हिशेबाचा, वर्षानुवर्षांच्या अनुभवाचा होता. माझा नवरा जागा आहे, माझी हाक ऐकतोय आणि येत नाहीये. या विचारासोबत ती उजाडेपर्यंत पडून होती, आणि ते आले तेव्हा पहिलं बोलली ते पाण्याबद्दल. सरांना रडू आलं. त्यांनी ते लपवायचा प्रयत्न केला, तोही तिला कळला असणार.

“चहा ठेवतो,” ते म्हणाले.

“साखर डाव्या डब्यात हाय,” ती म्हणाली. “उजव्यात मीठ.”

*

उशी परत गेली. सन्मतीही गेली. जाताना तिनं वडिलांना नमस्कार केला, पण नेहमीसारखी थट्टा केली नाही.

सरांची जुनी झोप परत आली, म्हणजे झोप गेली. पण आता त्यांना तिची तक्रार नव्हती. त्यांना एकच गोष्ट हवी होती : राजमतीनं हाक मारावी आणि आपण पहिल्या हाकेला उठावं. एवढं एकदा झालं की झालं. कट्ट्यावर जाणं त्यांनी बंद केलं होतं, पण त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. हाक काही येईना. राजमती वॉकर घेऊन हिंडायला लागली होती. पाण्यासाठी एक बाई लावली होती. दिवसा ती काहीही सांगायची, दळण आणा, खिडकी लावा. पण सर आडवे झाले, की तिच्या दृष्टीनं घरात त्यांच्या नावाचं माणूसच नसायचं.

उन्हाळ्यात पाण्याची वेळ बदलली. आता ते भर दुपारी यायला लागलं. एका दुपारी जेवून दोघं सोप्यात आडवी झाली होती, ती कॉटवर आणि सर खाली सतरंजीवर. पाण्याची बाई त्या दिवशी येणार नव्हती. सरांना झोप नव्हती. मागं नळ फुसफुसला, हवा आली. आता पाणी येणार. आता ती हाक मारणार.

ती उठून बसल्याचं त्यांनी ऐकलं. मग काहीच नाही. सरांच्या लक्षात आलं : ती कानोसा घेतेय. आणि आपण तर घोरत नाही आहोत! म्हणजे ती समजणार, हे जागे आहेत. जाग्या माणसाला ती हाक मारणार नाही.

मग सरांनी जे केलं ते त्यांनी पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. ते घोरायला लागले. घशातून खर्र करून, मध्ये थोडं थांबून, पुन्हा खर्र. हाक मारता येईल असा झोपलेला नवरा त्यांनी जमेल तसा उभा केला.

कॉट करकरली. वॉकरचे रबरी पाय अलगद जमिनीवर टेकले. ती त्यांच्यापाशी येऊन थांबली. सर श्वास धरून वाट बघत होते. तिनं पंख्याचं बटण एक घर वाढवलं. मग हलक्या, फार हलक्या पावलांनी, वॉकर आपटणार नाही अशा बेतानं ती मागच्या दाराकडे निघाली.

झोपलेल्या नवऱ्याची झोप ती मोडणार नव्हती. जाग्याला हाक मारून उपयोग नव्हता. म्हणजे तिसरं काही उरलंच नव्हतं.

सर उठले. धोतराचा सोगा सावरत तिच्या मागं धावले. ती दाराच्या उंबऱ्याशी, एक हात चौकटीवर ठेवून थबकली होती. पुढं नळाखालची फरशी ओली होत चालली होती.

“तुम्ही कशाला उठलासा?” तिनं विचारलं. तिला खरंच नवल वाटलं होतं. “मी हाक कुठं मारली?”

सर तिच्या अंगाला अंग न लावता बाजूनं पुढं गेले, घागर विसळली आणि नळाखाली धरली. ऊन डोक्यावर होतं. पाणी आधी गढूळ आलं, ते त्यांनी झाडांना टाकलं, मग चांगलं आलं. एक घागर भरली, दुसरी भरली. कमरेत कळ आली. एवढी वर्षं हे वजन कसं लागतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

राजमती दारात स्टूल ओढून बसली होती. सरांनी तिच्याकडे न बघता विचारलं, “पुढच्या वेळी हाक मारशील?”

मोटरींचा आवाज गल्लीभर भरला होता. तिला ऐकू आलं की नाही, ते त्यांना समजेना. त्यांनी पुन्हा विचारलं, मोठ्यानं. शेजारच्या अंगणात कुंभोजे वहिनींनी मान वर केली तरी विचारलं.

“बघू,” राजमती म्हणाली. “घागर भरली, नळ बंद करा आधी.”